सहीची परवानगी

"मॅडम, आरसा आहे का? सांभाळून धरा हां," रिक्षावाला म्हणाला.

"चित्र आहे," गंधाली म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. चादरीत गुंडाळलेल्या त्या कॅनव्हासवर चित्र उरलं होतं कुठे? मनोरीची खाडी, होड्या, आभाळ, सगळ्यावर तिने काल वैतागून पांढरा रंग फासला होता, पार कडेपर्यंत. श्यामसुंदर सरांपुढे तो कॅनव्हास ठेवायचा आणि सांगायचं, बास, मी सोडते.

बोरिवलीहून गोरेगावला हे धूड नेऊन नेऊन तिचे खांदे भरून आले होते. फोनवरचा फोटो सरांना चालत नसे. "खरं चित्र आण," म्हणायचे. आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा एक नेम होता. सर 'कर सही' म्हणेपर्यंत चित्रावर नाव घालायचं नाही. सही नाही, म्हणून प्रदर्शन नाही. नोकरी सोडून चित्रं काढायला बसलेल्या गंधालीने आलेली दोन्ही प्रदर्शनं हातची घालवली होती. दर वेळी सर म्हणत, "अजून थोडं हवंय," आणि ही वेडी घरी येऊन तेच चित्र खरवडायची, पुन्हा रंगवायची. हल्ली तर उचललेला ब्रश ती तसाच परत ठेवून द्यायची. सरांनी स्वतः रंगवणं कधीच थांबवलं होतं. तरी त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

दार सरांच्या पत्नीने, रत्नप्रभाकाकूंनी उघडलं. तिचा उतरलेला चेहरा बघून त्या तशाच आत गेल्या. आतून त्यांचा दबका आवाज आला, "अहो, पुरे करा ना आता. पोरगी पार खचलीय."

गुडघ्यांची तक्रार होती, म्हणून सर काकूंच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. काकू त्यांना उभं करून चहा आणायला वळल्या. गंधालीने कॅनव्हास स्टँडवर ठेवला, चादर काढली. ओरडू देत, हाकलून देऊ देत, एकदाचा निकाल तरी लागेल.

"बोल, काय बदललंस?" सरांनी नेहमीसारखं विचारलं.

"सगळंच, सर. माझ्याच्याने आता..."

सरांनी हात वर करून तिला थांबवलं. मग ते पुढे झाले, नाक कॅनव्हासला टेकेल इतके जवळ गेले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. चहा घेऊन आलेल्या काकूंची नजर कॅनव्हासवर गेली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच सर वळले. इतक्या वर्षांत कधी दिसलं नव्हतं ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"शाब्बास, गंधाली! आभाळाचा निळा आज कसा नेमका उतरलाय. कर सही."