वासूचा विडा

देवापुढं केळीच्या पानावर एकोणीस विडे मांडले होते. घरटी एक. गावकरानं, म्हणजे गावाच्या मानकऱ्यानं, एकेक विडा उचलायचा, त्या घराचं नाव घ्यायचं, वर्षाचं गाऱ्हाणं सांगायचं आणि विडा पाषाणापाशी ठेवायचा. नावं घ्यायची ती घरं ज्या क्रमानं वसली त्या क्रमानं, आणि तोंडपाठ. कागदावरचं देव ऐकत नाही, असं कुंभारवाड्याच्या पलीकडची ही वाडी मानते.

परशू गावकर उभा राहिला. मागं, बायकांच्या घोळक्यात, त्याची बायको रुक्मा बोटांची पेरं मोजायला तयार होती.

दोन महिन्यांपूर्वी बेळगावला परशूच्या काळजाची झडप बदलली होती. छाती न फाडता, जांघेतून नळी घालून. पाचव्या दिवशी माणूस घरी. बघायला येणाऱ्यांना दाखवायला धड टाकेसुद्धा नाहीत, याचं त्याला वाईटच वाटलं होतं. निघताना डॉक्टरीणबाईंनी रुक्माला बाजूला घेतलं. जुन्या झडपेवर चुना धरलेला असतो, त्याची कपची निसटून डोक्यात जाऊ शकते. मोठी गेली तर तोंड वाकडं होतं, हात पडतो, जीभ अडखळते. बारीक गेली तर वरून काहीच दिसत नाही.

"दिसत न्हाई तर वळखायचं कसं?"

"घरच्यांना कळतं कधीकधी," बाई म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून रोज सकाळी तिची झडती सुरू. हसा. दोन्ही हात वर करा. बोला कायतरी. परशू वैतागून शिवी हासडायचा. शिवी स्वच्छ निघाली की ती चहाचं आधण ठेवायची.

परशूचा आवाज खणखणीत लागला होता. नागू अज्जाचं घर झालं, मग खालच्या आळीतली सात, मग ओढ्याकाठची. रुक्माचा अंगठा पेरावरून पेरावर सरकत होता. पंधरा झाली. सोळावं वासूचं, परशूच्या चुलतभावाचं.

परशूनं सोळावा विडा उचलला आणि सतराव्या, शेजारच्या गिरजाच्या घराचं नाव घेतलं.

रुक्माचा अंगठा होता तिथंच राहिला. गाऱ्हाण्यात बायकांनी बोलायचं नसतं. तिनं खाकरून पाहिलं. परशू पुढं गेला.

शेवटी पानावर एक विडा उरला. सगळं गाव त्या विड्याकडं बघत राहिलं.

वासू पुढं आला. "बांधाचा राग देवाफुडं काढलास व्हय, अण्णा? माज्या शिल्पाचं लगीन पंधरा दिसांवर आलंय!"

परशूनं विड्याकडं पाहिलं. मग वासूकडं.

"व्हय," तो म्हणाला. "काढला."

नागू अज्जाला हसू आवरेना. "झडप नवी घातली, पर मानूस त्योच हाय रे!"

चारजण हसले. दवाखान्यातून आपला गावकर जसाच्या तसा परत आला, याचं लोकांना बरंच वाटलं असावं. वासू मात्र लेकीला घेऊन चालता झाला. विडा तसाच.

"दादल्याला समजाव की गं," गिरजा रुक्माच्या कानाशी लागली. "अकरा वर्सं कोन राग धरतंय?"

रुक्मानं नुसती मान डोलावली. हट्टी म्हणतायत तर म्हणू देत. विसरला म्हणाले असते, तर पुढच्या वर्षी इथं दुसरा कुणी उभा असता. माणसं पांगल्यावर तिनं विडा उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला.

ओढ्यापाशी परशू थांबला.

"त्यो वासू बांधाचं म्हनत हुता," तो म्हणाला. "काय झालतं गं बांधावर?"

रुक्मानं त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. सरळ होतं. शब्द स्वच्छ होते. ती दगडावर बसली.

"आटवत न्हाई?"

"न्हाई."

तिनं दम घेतला. "बांधावर फनस हाय न्हवं? त्येची एक फांदी वासूनं तोडली. गोठ्याच्या छपराला. तुमाला इचारलं न्हाई. तवापासनं तुमी त्येच्या घरचं पानी पीत न्हाई."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

परशूनं वासूच्या घराच्या वाटेकडं पाहिलं.

"येवडंच?" तो म्हणाला, आणि तिच्या पदरातला विडा वासूकडं न्यायला हात पुढं केला.

हात सरळ होता.