ब्लेझरचा खिसा

"कुठल्या खिशात ठेवणार?" काउंटरमागच्या डार्लीननं विचारलं, आणि इलाची आई उभ्या उभ्या स्वतःचे कपडे चाचपायला लागली.

काचेखाली पिस्तुलं ओळीनं मांडली होती. तळहातात मावतील एवढी, बघायला चक्क गोंडस. पण डार्लीननं त्यांना हातच लावला नाही. तिनं निळ्या प्लास्टिकचं एक नकली पिस्तूल पुढे ठेवलं. आधी हे खिशात बसतंय का बघायचं, मग खऱ्याचं बोलायचं, अशी तिची पद्धत होती.

आईनं पँटच्या खिशात हात घातला. दोन बोटं गेली आणि अडकली.

"हा खिसा नाहीये, ही अफवा आहे," इला म्हणाली. बायकांच्या खिशांवर ती तासभर भाषण देऊ शकली असती.

"पर्समध्ये ठेवलं तर?" आईनं विचारलं.

"घर दाखवताना पर्स कुठे असते?" डार्लीननं विचारलं.

"किचनच्या ओट्यावर."

"मग ते ओट्याचं पिस्तूल झालं. तुमचं नाही."

"बघ, मी म्हणत होतोच," बाबा मराठीत पुटपुटले. त्यांचा चेहरा जरा उजळला होता.

आई स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात घरं विकायची. गेल्या महिन्यात एका रिकाम्या घराच्या बेसमेंटमध्ये एक गिऱ्हाईक जिन्याच्या तोंडाशी आडवं उभं राहिलं, आणि हसत हसत बराच वेळ हललंच नाही. शेवटी आईचा फोन वाजला म्हणून ते बाजूला झालं. तेव्हापासून आईनं एकही बेसमेंट दाखवलं नव्हतं. "खाली काही विशेष नाही," म्हणायची आणि दार लावून घ्यायची. पिस्तुलाचं तिनंच काढलं. लायसन्स झालं, क्लास झाला, नेमही बरा लागला. खिसा तेवढा राहिला होता. आणि बाबांची अट होती: खिशात नीट बसेल असं आज मिळालं तर ठीक, नाहीतर शनिवारपासून घरं दाखवणं बंद, ऑफिसात बसून पेपरवर्क कर. आई त्यावर नुसतं "बरं" म्हणाली होती. इलाला त्या गिऱ्हाइकापेक्षा त्या "बरं"चीच जास्त भीती वाटली होती.

"ब्लेझरला आहेत ना खिसे?" डार्लीननं विचारलं.

"ते नुसते दिसायला. शिवलेलेच येतात."

इलानं खिशाच्या कडेवरून नख फिरवलं. "आई! हे कच्चे टाके आहेत! घरी आणून कापायचे असतात!"

"काहीतरीच. कापायचे असते तर त्यांनी शिवले कशाला असते?"

"अगं, चांगला नवीन ब्लेझर आहे, उगाच उसवू नकोस," बाबा म्हणाले.

"नवीन? बाबा, मी तेव्हा थर्ड ग्रेडमध्ये होते!"

डार्लीननं हसत हसत छोटी कात्री पुढे सरकवली. कट, कट, कट. इलानं दोरा ओढला आणि उजवा खिसा उघडला. आतलं अस्तर अगदी कोरं करकरीत होतं. आईचा हात मनगटापर्यंत आत गेला.

"अगंबाई, एवढा मोठा!" आई म्हणाली. "आणि मी इतकी वर्षं लोकांसमोर हात कुठे ठेवायचे याचा विचार करतेय!"

"एक लक्षात ठेवा," डार्लीन म्हणाली, "त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही. किल्ली नाही, चॉकलेट नाही. आणि ब्लेझर कुठे काढून ठेवायचा नाही. आता रोज घर दाखवता तसं दाखवा बघू."

गिऱ्हाईक व्हायला बाबा एका पायावर तयार.

"मॅडम, किचन ईशान्येला कसं काय?"

"आधी बँकेकडून लोन अप्रूव्ह करून आणा, मग वास्तू काढा."

"क्लोझेट फारच लहान हो."

"तुमचे शर्ट किती आहेत माहितीये मला."

इला हसून हसून काउंटरला टेकली. मग बाबा दोन कपाटांमधल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. वाट अडवून. हसत नव्हते.

"बेसमेंट दाखवा ना, मॅडम."

आई थबकली. इला काउंटरपासून सरळ झाली. बाबा हे मुद्दाम करत होते, आणि त्यांना ते आवडत नव्हतं, हेही तिला दिसत होतं.

आईचा उजवा हात खिशात होता.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली.

"अहो, लेडीज फर्स्ट..."

"तुम्ही पुढे व्हा. मी मागे आहे."

आवाज चढला नव्हता, उलट खालीच आला होता. इलानं हा आवाज कधीच ऐकला नव्हता. बाबांनीही नसावा, कारण ते मुकाट्यानं वळले आणि पार भिंतीपर्यंत चालत गेले. मराठीचा एक शब्दही न कळणारी डार्लीन काउंटरमागे पाऊलभर मागे सरकली.

भिंतीजवळून बाबांनी हळूच वळून बघितलं. "शनिवारी किती वाजता निघायचंय तुला?"

"दहाला. दोन घरं आहेत. दोन्हींना बेसमेंट आहे."

डार्लीननं घसा खाकरला. निळं पिस्तूल कात्रीशेजारी जिथल्या तिथे पडलं होतं. ते उचलून तिनं आईपुढे धरलं. "अहो, हे खिशात घालायचं राहिलंच की."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग उजवा हात खिशातून न काढताच ती वळली आणि ब्लेझरची डावी बाजू इलासमोर केली.

"थांबा जरा. इला, आधी हा पण उघड."