१८७ नंबर

सत्त्याण्णव साली आमच्या दूध संस्थेच्या फळ्यावर सभासदांची नावं नसायची, नुसते नंबर असायचे आणि पुढं त्या दिवशीची फॅट. जेवढी फॅट, तेवढा दर. १८७ ला रोज साडेनऊ. माझ्या ४२ ला कशीबशी साडेपाच. म्हशीची धार काढणं, दूध घालणं बायकोकडं, शेवंताकडं. मी नुसता फळा वाचायचो आणि जळायचो. सेक्रेटरी काही नाव सांगेना. मला संशय शेजारच्या अमरसिंहाचा. त्यानं वडगावच्या बाजारातून नवी म्हैस आणली होती. पण ती आटली, तरी १८७ चे साडेनऊ हलले नाहीत.

शेवटी महिनाभराचा फळा वहीत उतरवून काढला आणि शेवंतापुढं धरला.

"ह्ये बघ. पंचमीला तीन दिवस १८७ पुढं रेघ हाय. म्हंजे त्यांच्यातली धार काढणारी माहेरी गेलती. आता हुडकतोच कोण ती!"

"मी बी चंदगडला गेलते की."

"तू गेलतीस म्हणून तर म्या धार काढली. ४२ ला तिन्ही दिवस साडेसात लागली! हाताचा गुण असतोय त्यो."

शेवंतानं वैरणीची पेंडी सोडून म्हशीपुढं टाकली.

"हाताचा न्हाय. पयल्या धारंचं पातळ दूध तुमच्या किटलीत जातंय, शेवटच्या धारंचं दाट माझ्या. त्या तीन दिवसांत तुम्ही सगळं एकाच किटलीत वतलंसा."