मेघाचं बोट

घरची धानाची रोवणी सासूबाईंच्या भरवशावर सोडून तृप्ती मॅडमनं पंधरा दिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. प्रश्न वाचायचा, उत्तरासमोरचा गोल दाबायचा, पुढं जायचं. शाळेची ही पहिलीच ऑनलाइन चाचणी. आणि आज वर्गातली सगळ्यात हुशार मेघा टॅबवर बोट दाबून दाबून रडकुंडीला आली होती.

"दाब ना वं जोरानं! पाचच मिनिटं राहिली."

"दाबूनच राहिली मॅडम. उत्तर येते मले. गोलच लागून नाही राहिला."

मॅडमनं ओढणीनं टॅब पुसला. शेजारच्या पोराचा आणून दिला. तोही ढिम्म. शेवटी त्यांनी मेघाचा हात ओढून उलटा केला. चिखलपाण्यात राहून बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, कातडी सोलून निघाली होती.

"रोवणीले गेली होतीस? म्हणून दोन दिवस सरावाले आली नाहीस? चाचणी होईस्तोवर धानाच्या बांधीत उतरू नका म्हणून किती घसा फोडला मी! कोणी नेलं तुले? नाव सांग, आत्ताच त्याच्या घरी जाते."

मेघा टॅबवर सरत चाललेले सेकंद बघत राहिली.

"तुमचीच बांधी होती मॅडम," ती हळूच म्हणाली. "तुम्ही इकडं शाळेत, तं तुमच्या सासूबाईले एक बाई कमी पडत होती."