पोपच्या मागोमाग

पोप वारले त्याच दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात अगाथाबाईंचा नवरा पास्कलही गेला. नवे पोप अजून निवडायचे होते. रविवारी चर्चमध्ये दिवंगत पोपसाठी मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होती. अगाथाबाई आधीच फादर जेरोमपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“फादर, पोपच्या नावाले लागूनच आमच्या ह्यायचं नाव घ्या.”

फादर घुटमळले. पास्कलनं कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलेल्या फादरांनाही त्यानं खोलीच्या दारातूनच परत पाठवलं होतं.

“त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात वेगळी मिस्सा ठेवू.”

“वेगळी नको. एकटे दिसले तर स्वर्गाच्या दारावरचे संत पेत्र हजार गोष्टी विचारतीन. पोपसाठी तर अख्खं जग प्रार्थना करून राहिलं, दार सताड उघडं असंन. त्याहिच्या मागून हे घुसून जातीन.”

“आणि पोपना नाही चाललं तर?”

“काहून नाही चालणार? चांगले माणूस होते म्हणता ना? मंग घटकाभर दार धरून ठेवतीन.”

मिस्सेत फादरांनी दोन्ही नावं एका दमात घेतली. मध्ये दार लागण्यापुरतीही जागा ठेवली नाही.