मनगटावरची गाठ

सुट्टीवर निघालेल्या जवानांनी रांगेत दोन्ही हात पुढे केले. लेफ्टनंट नरातिप एकेकाची नखं, बाहीची बटणं, पट्ट्याचं पितळ बघत पुढे सरकत होते. उद्या सोंगक्रान, नव्या वर्षाचा दिवस. सगळ्यांचे गणवेश खळ घालून कडक इस्त्री केलेले. मागे ट्रक उभा होता.

खाम्फानसमोर ते थांबले. त्याच्या डाव्या मनगटावर सुती धागा होता. बांधला तेव्हा पांढरा असेल. आता सीमेवरच्या मातीने पार विटकरी झालेला.

"हे काय?"

"आईनं बांधलाय, साहेब."

"मागच्या वेळी सांगितलं होतं. वर्दीत मनगट मोकळं पाहिजे."

शेजारी उभा असलेला हवालदार बुनलुआ खाकरला. "साहेब, बांबूच्या बेटातला सुरुंग यानंच काढला. पालथा पडून, भर उन्हात. हात म्हणून हलला नाही. आता गावातल्या म्हाताऱ्या तिथं कोंब खुडायला जातात."

"माहीत आहे मला," नरातिप म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हणूनच सांगतोय. नवी पोरं याच्याकडे बघून शिकतात. आज याचा धागा, उद्या कुणाच्या कानात फूल." मग खाम्फानकडे वळून म्हणाले, "रांग संपेपर्यंत वेळ आहे. काढलास तर ट्रकमध्ये बस. नाही काढलास तर सुट्टी रद्द."

त्यांच्या गळ्यात बुद्धाची छोटीशी मूर्ती होती. सगळ्यांच्याच गळ्यात होती. पण ती सदऱ्याच्या आत असते.

बुनलुआने खाम्फानला चिंचेच्या सावलीत ओढलं. दूर निघालेल्याचा जीव वाटेत कुठे रेंगाळू नये म्हणून घरची माणसं धागा बांधतात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तोही खाम्फानच्याच मुलखातला.

"वर सरकव की जरा. बाहीत जाईल."

"नाही जात, दादा. करकचून बांधलाय."

"मग सोड. कापायचा नाही, ते ठाऊक आहे मला. सोडायला काय झालं? आमच्याकडे तीन दिवसांनी सोडतात."

"ती म्हणाली, घरी आलास की मीच सोडीन."

"अरे गाढवा, घरी जायचं म्हणूनच तर सोडायचाय."

खाम्फानने बाही खाली ओढून पाहिली. पुरली नाही.

"हे बघ, वाटेत बाजार लागतो. दुसरा घे, मातीत घोळव, बांध. म्हातारीला काय कळतंय?"

"गाठ तिची आहे, दादा. तिला कळेल."

खाम्फानने गाठीत नख घातलं. एव्हाना आईने पाण्यात मोगऱ्याच्या कळ्या टाकून ठेवल्या असतील. उद्या सकाळी ती खांबांवर उभ्या घराखालच्या बाजेवर बसेल, तळहात जोडून पुढे धरील, आणि मुलं एकामागून एक त्या हातांवर पाणी घालतील. जेवलास का, हे ती नंतर विचारील. आधी त्याचं मनगट हातात घेईल, डोळ्यांजवळ नेईल. दिसत कमी असलं तरी बोटांनी गाठ चाचपून बघेल.

गाठीचा एक पदर थोडा वर आला. सुरुंगावरची माती बाजूला करणारी त्याची बोटं तिथंच थांबली. त्याने नख काढून घेतलं, आणि वर आलेला पदर अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला.

"बघ बाबा," बुनलुआ म्हणाला. "पुढची सुट्टी कधी, ते मीही सांगू शकत नाही."

"हो, दादा."

रांग संपली. नरातिपनी लांबूनच मनगटाकडे पाहिलं, ट्रकवाल्याला हात केला आणि फाटकाकडे चालू लागले.

ट्रकच्या फळीवरून सायान वाकला. तो खाम्फानच्याच गावचा, दोन घरं सोडून राहणारा.

"काय रे, चढतोस ना?"

"नाही. माझ्या वाटचं पाणी तिच्या हातावर तूच घाल."

"माझ्या हातचं चालेल का तिला? तिच्या कोंबड्या पळवल्यात मी."

"मग दोन वाट्या घाल."

सायान हसला. मग हसू आवरून त्याने विचारलं, "का नाही आला, असं विचारलं तर?"

ट्रक सुरू झाला. खाम्फान फळीला धरून चार पावलं बरोबर चालला.

"सांग, दोन्ही हात जागेवर आहेत," तो म्हणाला. आणि फळी सोडताना, "गाठ अजून घट्ट आहे म्हणावं."

फाटकाबाहेर गावातली पोरं टपूनच बसली होती. सण उद्याचा, पण त्यांना कुठला धीर? ट्रक बाहेर पडताच त्यांनी तो अडवला आणि बादल्यांवर बादल्या रिकाम्या झाल्या. बघता बघता सगळ्यांची खळ उतरली, घड्या मोडल्या, टोप्या डोळ्यांवर आल्या. एका मुलीने चाकावर चढून सायानच्या गालाला सणाचं ओलं पीठ फासलं. फाटकाशी उभे असलेले नरातिपही भिजले. सोंगक्रानच्या पाण्यावर कुणी रागावत नाही. ते तोंड पुसत उभे राहिले.

ट्रक वळणाआड गेला. पोरांचा ओरडा त्याच्यामागे दूर गेला. पहारेकऱ्याने फाटक ओढून घेतलं.

खाम्फान चिंचेखाली उभा होता. तिथवर एक थेंबही पोहोचला नव्हता. सकाळच्या त्या रांगेतली एवढी एकच इस्त्री अजून मोडलेली नव्हती.