आदळण्याआधीचा अहवाल

अपघात तपासणी अधिकारी वैजयंती निकम गच्चीवर आल्या, तेव्हा जुन्या साडीवर घातलेल्या कुरडया तशाच पडून होत्या. काल दुपारी त्या उलटवायला वाकलेल्या कौसल्याबाईंच्या अंगावर औषधं पोचवणारा ड्रोन कोसळला होता. तपास वगैरे काही करायचा नव्हता. हल्ली प्रत्येक ड्रोन आपल्या अपघाताचा अहवाल स्वतःच लिहून पाठवायचा. निकमबाईंनी तो फक्त वाचून दाखवायचा आणि घरच्यांची सही घ्यायची.

"दोन वाजून दहा मिनिटांनी पंखा निकामी. खाली वाळवण घालणारी महिला. मृत्यू निश्चित."

"हे त्यानं पाठवलं कधी?" कौसल्याबाईंचे यजमान भानुदास ढोबळे यांनी विचारलं.

"आदळण्याच्या सहा सेकंद आधी."

"म्हणजे तेव्हा ती जिवंत होती." ते कुरडयांकडे बघत राहिले. "भोंगा असतो ना त्याला? एकदा वाजवला असता, तर बाजूला झाली असती ती."

"उरलेली वीज अहवालासाठीच वापरायची, असा नियम आहे."

"कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?"

अर्धवट अहवालांना वैतागून तीन वर्षांपूर्वी त्या नियमाची शिफारस निकमबाईंनीच केली होती. त्यावरच त्यांना बढती मिळाली होती.

त्यांनी सहीची जागा बोटानं दाखवली.